प्लेसमेंट टेस्टचे अपेक्षित प्रश्न

गणिताची परीक्षा घेण्यात माझी निम्मी नोकरी गेली, पण माझ्या परीक्षेत आजवर एकही मूल नापास झालं नाही. पासही कोणी झालं नाही. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात हे सांगितलं की शेजारची माणसं आधी हसतात, मग मी विनोद केलेला नाही हे लक्षात आल्यावर जरा संशयाने बघतात आणि शेवटी विचारतात, मग तुमच्या परीक्षेचा उपयोग काय? यंदा मी निवृत्त झाले. निरोपाच्या केकवर मुलांनी क्रीमने वर्गमुळाचं चिन्ह काढलं होतं आणि त्याखाली माझं नाव घालायचा बेत होता. 'शुभांगी' काही त्यात मावेना, म्हणून नुसत्या 'शुभा'वर भागवलं. आता हाताशी वेळ आहे आणि दिवाळी अंकाच्या संपादिकाबाईंनी पानंही दिली आहेत, तर त्या प्रश्नाचं उत्तर एकदाचं देऊन टाकते.

मी पुण्याची. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं तिथल्या एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवत होते. नवऱ्याची नोकरी इकडे परदेशात आली म्हणून मीही आले आणि यिशुन या उपनगरातल्या फ्लॅटमध्ये बसून कंटाळले. मग वन-नॉर्थ भागातल्या एका कॉलेजात गणिताच्या मदतकेंद्रात काम मिळालं. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण त्यांच्या लायब्ररीचं कार्ड अजून माझ्याकडे आहे आणि ते मला टिकवायचं आहे. आधी मुलांच्या शंका सोडवायचं काम होतं. पुढे प्लेसमेंट टेस्टची सगळी जबाबदारी माझ्याकडे आली आणि ती मला अशी काही आवडली की निवृत्तीपर्यंत मी ती दुसऱ्या कोणाकडे जाऊ दिली नाही.

काम असं. ऑगस्टमध्ये पहिल्या वर्षाचे वर्ग सुरू होतात. त्याआधी, ज्यांच्या अभ्यासक्रमात गणित आहे अशा प्रत्येक नव्या विद्यार्थ्याने ही टेस्ट द्यायची. प्रवेश आधीच झालेला असतो, तो कोणी काढून घेत नाही. ठरवायचं असतं ते एवढंच, की गणिताच्या कोणत्या वर्गात बसायचं: पायाभूत, नेहमीचा की प्रगत. पायाभूतपासून सुरू केलं तरी पदवी तीच मिळते. फक्त वर्षअखेरच्या सुट्टीत एक जास्तीचा विषय करावा लागतो.

टेस्ट संगणकावर असते. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न थोडा अवघड येतो, चुकलं की थोडा सोपा. असं वरखाली करत संगणक तुम्हाला अशा ठिकाणी आणून सोडतो, जिथे तुमची निम्मी उत्तरं बरोबर आणि निम्मी चूक यायला लागतात. तीच तुमची जागा, तिथून शिकायला सुरुवात करायची. त्यामुळे हुशारातली हुशार पोरंही खोलीतून बाहेर पडताना तोंड पाडूनच पडतात. त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी निम्मे प्रश्न न येणारे विचारलेले असतात. मी त्यांना सांगायची, बाळांनो, ही शिंप्याकडे माप देण्यासारखी गोष्ट आहे. माप देताना पोट आत ओढलंत, तर शर्ट बटणाला तटतटणार आणि तो तुम्हालाच घालायचाय.

टेस्ट झाली की निकाल पडद्यावर दिसत नाही. विद्यार्थी एकेक करून माझ्या छोट्या केबिनमध्ये येतात, तिथे मी तो सांगते. त्याआधी थोडं बोलणं. मी एकच करते: तुझं बरोबर आलेलं एखादं उत्तर तूच निवड आणि तू तसं का केलंस ते मला सांग, म्हणते. या 'का'ला उत्तर नसलं तरी गुण कमी होत नाहीत. पण मला ज्याची-त्याची तब्येत कळते. ज्याला समजलेलं असतं तो चाचपडत, हातवारे करत, मध्येच 'नो नो, वेट' म्हणत सांगतो. ज्याने पाठ केलेलं असतं तो न अडखळता सांगतो. मग मी निकाल सांगायचा, प्रत्येक वर्गात काय असतं ते सांगायचं आणि गप्प बसायचं. नियम असा, की विद्यार्थी निकालापेक्षा खालचा वर्ग मागू शकतो, वरचा नाही. आणि निवड त्याची त्याने करायची. मी नाही, आईवडिलांनी तर नाहीच. गप्प बसणं हा या कामातला सगळ्यात अवघड भाग आहे, हे माझ्या नवऱ्याला अजून पटत नाही. घरी मी त्याचा सराव करत नाही, असं त्याचं म्हणणं.

माझी सगळ्यात लाडकी गिऱ्हाइकं म्हणजे लष्करी सेवा करून आलेली मुलं. इथे मुलांना कॉलेजआधी दोन वर्षं ती करावी लागते. बारीक कापलेले केस, उन्हाने रापलेल्या माना, आणि डोक्यातलं गणित पार गंजलेलं. एकाने पहिल्याच प्रश्नाला हात वर केला. मी जवळ गेले तर हळूच म्हणाला, "आंटी, धिस लॉग, इज इट द बटन ऑन द कॅल्क्युलेटर?" दोन वर्षांत मी फक्त पुश-अप्स मोजलेत लाह, असंही इथल्या बोलीतलं शेपूट लावून वर सांगितलं. हसतहसत पायाभूत वर्गात गेला, वर्षअखेरीला नेहमीच्या वर्गातल्या कित्येकांना मागे टाकून बाहेर आला. आपण विसरलोय हे त्याला माहीत होतं, आणि ते सांगायची त्याला लाज नव्हती. अशा मुलांना शिकवायला शिक्षकांच्या उड्या पडायच्या.

उलटी तऱ्हाही असते. एक चश्मिष्ट, टापटीप मुलगा टेस्टमध्ये इतका चुकत गेला, की संगणक बिचारा खाली खाली उतरत प्राथमिक शाळेपर्यंत पोचला. नवातून सात गेले तर किती, यालाही त्याने चुकीचं उत्तर दिलं. केबिनमध्ये मी त्याला चहाचा कप देऊन इकडचंतिकडचं विचारलं, तर गप्पांच्या ओघात त्याने बसच्या वेळांचं असं काही गणित मांडलं की मी बघतच राहिले. जाणूनबुजून चुकलास ना, म्हटलं. त्याने मान्य करून टाकलं: पायाभूतला बसलं की आयता ए ग्रेड. मी त्याला नेहमीच्या वर्गाचं पुस्तक उघडून एक गणित दाखवलं. ते त्याने तिथेच उभ्याउभ्या सोडवलं, दुसरं मागितलं, आणि आपण होऊन पुन्हा टेस्ट द्यायला बसला. त्याला सोपं नको होतं, सुरक्षित हवं होतं. असे पुष्कळ असतात.

पण सगळ्यात जास्त घाम मला आपल्या माणसांनी फोडला. परीक्षा म्हटली की मराठी माणसाला अपेक्षित प्रश्नसंच लागतो. आपण सगळे त्यावरच वाढलो, मीही वाढले. पण प्लेसमेंट टेस्टचा अपेक्षित प्रश्नसंच निघेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

एका रविवारी नवऱ्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. बघ, तुझ्या कामाचं दिसतंय, म्हणाला. कोणीतरी त्याला फाइल पुढे पाठवली होती. आधीच्या वर्षी टेस्ट दिलेल्या मुलांना आठवतील ते प्रश्न गोळा करून, प्रकारवार लावून, उत्तरांसकट छापल्यासारखी देखणी फाइल केलेली. माझेच प्रश्न मला असे ओळीत उभे राहिलेले दिसले. हे काम मंदारचं, हे कळायला वेळ लागला नाही. मंदार मंडळाचा हौशी कार्यकर्ता, आयटीतला मॅनेजर, मूळचा सांगलीचा, शिकला पुण्यात. गणपतीत सगळ्यात आधी येणार आणि खुर्च्या उचलूनच जाणार, असा माणूस. बुकित बातोकच्या त्याच्या काँडोच्या, म्हणजे सोसायटीच्या, फंक्शन रूममध्ये दर रविवारी सकाळी त्याने वर्गच सुरू केला होता. प्रोजेक्टर, पोहे आणि आपल्या लोकांची दहाबारा मुलं. शिकवणारे वडील पाळीपाळीने. कुठे शंभर टक्के फुकट सेवा बघायची असेल, तर ती तिथे बघावी.

मी आमच्या विभागाच्या प्रमुख बाईंना फाइल दाखवली. त्या इथल्याच, चिनी. त्यांनी शांतपणे चाळली आणि मला विचारलं, म्हणजे हे लोक जास्त अवघड वर्गात जाण्यासाठी लबाडी करतायत? मी म्हटलं, ते याला लबाडी नाही, तयारी म्हणतात. मग त्यांनी प्रश्न बदलायला सांगितलं आणि मी बदलले. पण प्रश्न बदलले तरी प्रकार तेच राहतात, आणि मंदारच्या वर्गात प्रकार घोटून घेत.

मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात मी मंदारला बाजूला घेतलं. समजावून सांगितलं की ही स्पर्धा नाही, मुलं झेपणार नाही अशा वर्गात जाऊन बसतील. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. मग खुर्चीवर परतून शेजारच्याला म्हणाला, शुभांगीताईंना बंधन आहे, त्या याहून जास्त बोलू शकत नाहीत. आणि माझ्याकडे बघून समजूतदारपणे मान हलवली. मी जणू त्याला खुणेने प्रश्नच सांगितले होते. मला राग आला, पण त्याच्या चेहऱ्यावर इतका भाबडा आदर होता की तो राग कुठे ठेवावा ते कळेना.

मंदारच्या रविवारच्या वर्गातला एक मुलगा त्या वर्षी प्रगत वर्गात गेला. त्याचं बोलणं मी ऐकलं होतं, न अडखळणारं. निकाल सांगितला, वर्गाची कल्पना दिली, खालचा वर्ग मागता येतो हेही सांगितलं आणि नियमाप्रमाणे गप्प बसले. त्याने 'प्रगत'वर बोट ठेवलं. सत्र अर्ध्यावर आलं तेव्हा तो वर्गात यायचा बंद झाला, मग कॉलेजातही. हुशार आणि गोड पोर होतं, पेटी सुरेख वाजवायचं. पुढे एकदा एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, समोर दिसला. मला बघून डब्याच्या दुसऱ्या टोकाला गेला. त्याचं मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं. मला फक्त सांगायची मुभा होती, त्याला हाताला धरून मागे ओढायची नव्हती.

आणि मग माझ्या शेवटच्या वर्षी मंदारची स्वतःची मुलगी आली. केतकी. तिला मी लहानपणापासून बघितलेलं. नाकासमोर चालणारी, बारीक आवाजाची मुलगी. घरी आईवडील मराठीत बोलणार आणि ही इंग्रजीत उत्तरं देणार, इथल्या सगळ्याच मुलांसारखी. ओळखीची म्हणून मी तिला सहकाऱ्याकडे पाठवणार होते, पण निकाल कोणाकडून ऐकायचा ते विद्यार्थ्याला निवडता येतं आणि तिने माझंच नाव दिलं. हे सगळं मी तिच्या आणि मंदारच्या परवानगीने लिहिते आहे. नावं बदललीत. मंदारने मजकूर वाचून एकच वाक्य गाळायला सांगितलं, ते मी गाळलेलं नाही, आणि त्यालाही मी गाळणार नाही याची कल्पना असावी.

टेस्टच्या दिवशी मंदारने सकाळची सुट्टी काढली होती. त्याचं ऑफिस तिथून पायी जाण्याच्या अंतरावर, तरी लेकीबरोबर दारापर्यंत आला. मी पाणी भरायला गेले तेव्हा तो कॉरिडॉरमध्ये बाकावर बसून तिची शेवटची उजळणी घेत होता. आमच्या टेस्टच्या खोलीत एसी असा असतो की मुलं काकडतात. त्याने तिच्यासाठी स्वेटरही आणला होता. ती आत गेली आणि तो बाकावरच बसून राहिला.

टेस्ट संपवून ती केबिनमध्ये आली. निकाल माझ्यापुढे होता: प्रगत, आणि तोही चांगला वरचा. मी नेहमीप्रमाणे तिला एक उत्तर निवडायला सांगितलं. तिने इंटिग्रेशनचं एक गणित निवडलं, ज्यात दोन गोष्टींचा गुणाकार असतो आणि एक ठरलेलं सूत्र वापरतात. फळ्यावर तिने ते सूत्र भराभरा लिहिलं, पायऱ्या सांगितल्या, उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. अक्षरसुद्धा सुंदर. मी विचारलं, या सूत्राच्या मध्ये हे वजाचं चिन्ह कुठून आलं? तिने सूत्र पुन्हा म्हणून दाखवलं. मी म्हटलं, ते बरोबर आहे, पण हे वजाच का, अधिक का नाही? तिने पेन उचललं, फळ्याला टेकवलं आणि परत खाली ठेवलं.

"काकू, आय डोन्ट नो व्हाय," ती म्हणाली. "आय ओन्ली नो व्हॉट कम्स नेक्स्ट."

इतकं प्रामाणिक उत्तर मला त्या खोलीत क्वचितच मिळालं होतं. मी तिला निकाल सांगितला. दुसरी मुलं प्रगत ऐकल्यावर खुर्चीतून उसळतात. ही कोमेजली. मी वर्गांची माहिती सांगायला लागले तर म्हणाली, मला ठाऊक आहे, मागच्या वर्षीच्या त्या दादाचं काय झालं तेही ठाऊक आहे. तिला पायाभूत हवं होतं. तिने हे आधीच ठरवलेलं होतं आणि म्हणूनच माझं नाव दिलं होतं. घरात हे बोलायची सोय नव्हती. बाबा रोज ऑफिसमधून येऊन जेवणाआधी तिला घेऊन बसायचा. एकदाही रागावला नाही, एकदाही आवाज चढवला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, असं तिचं म्हणणं. मग उलटून बोलता आलं असतं.

मग तिने खुर्ची पुढे ओढली आणि हळू आवाजात मागणं मागितलं. "काकू, तुम्ही बाबाला सांगा ना, फाउंडेशन आलं म्हणून. कंप्युटर सेड सो. तुम्ही सांगितलं तर ही विल बिलीव्ह लाह."

खरं तर एका वाक्याचं काम होतं. निकाल माझ्याशिवाय कोणी बघितलेला नव्हता. मंदारने माझ्यावर विश्वास ठेवला असता, दोन दिवस हिरमुसला असता, आणि पोरगी सुखाने तिच्या वर्गात जाऊन बसली असती. मला तिची फार दया आली, आणि खरं सांगायचं तर मोह झाला. पण मला हेही दिसत होतं, की टेस्ट एकदा पुन्हा देता येते. मंदार आठवडाभर रजा टाकून तिची पुन्हा तयारी करून घेईल, आणि ती पुन्हा इथेच येऊन बसेल. शिवाय तिने मिळवलेल्या निकालावर माझ्या खोट्याचा शिक्का बसणार. ती घाबरून खाली येत नव्हती, विचार करून येत होती. घरी मात्र ती मागे पडलेली मुलगी ठरली असती.

मी तिला नाही म्हटलं. म्हटलं, मी खोटं सांगणार नाही. पण तू सांगणार असशील तर मी इथेच बसते, उठून जात नाही.

ती स्वेटरच्या बाहीशी खेळत बसली. बाहेर पुढचा विद्यार्थी येऊन थांबला होता, त्याला मी खुणेनेच थोडं थांबायला सांगितलं. "ओके," ती शेवटी म्हणाली. "पण बाबाला आत तुम्ही बोलवा."

पालकांना केबिनमध्ये घ्यायचं नाही, हा नियम. पण विद्यार्थ्याने स्वतः सांगितलं तर घेता येतं. मी दार उघडून मंदारला हाक मारली. तो असा लगबगीने उठला की मांडीवरची पिशवी खाली पडली. आत येऊन आधी माझ्याकडे बघितलं, मग लेकीकडे, मग परत माझ्याकडे. "काय आलं, ताई?"

मी सांगितलं, प्रगत आलंय, आणि चांगलं वरचं आलंय.

त्याचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. त्याने केतकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि खिशातून फोन काढला. बायकोला कळवायचं असणार, आणि तिच्यामागोमाग ग्रुपवर.

"बाबा, फोन ठेव," केतकी म्हणाली. मराठीत म्हणाली. तिला सलग मराठी बोलताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. "मला फाउंडेशन घ्यायचंय. वरचं मिळालं तरी खालचं घेता येतं. मी घेणार आहे."

मंदार हसला. ती घाबरलीय, असं त्याला वाटलं असावं. मग माझ्याकडे वळून, अगदी आदराने, तुम्ही काही म्हणालात का, असं विचारलं. मी तिला गणितातला एक प्रश्न विचारला एवढंच, असं मी सांगितलं. तो खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला आणि समजावू लागला. इतकी मेहनत केलीस, निकाल हातात आहे, आणि आपण होऊन खाली जायचं? लोक वर जायला धडपडतात. "आपण इथे नोकरीच्या पासवर राहतो, केतकी," तो म्हणाला. "माझं कॉन्ट्रॅक्ट आहे तोवर आहे. मागे पडून आपल्याला चालत नाही, बेटा."

यात खोटं काही नव्हतं. त्याच्या कंपनीतली दोन माणसं त्याच महिन्यात सामान आवरून पुण्याला परत गेली होती.

"मला त्यातलं काही कळत नाही, बाबा," केतकी म्हणाली. "पाठ आहे सगळं. तू करून घेतलंस तसं."

"अगं, मग? सगळ्यांचं तसंच असतं. आमचंही तसंच होतं. आधी पाठ करायचं, मग हळूहळू आपोआप येतं."

"मग तुला कधी आलं?"

तिने हे उलटून विचारलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. तिच्या आवाजात जराही टोमणा नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं की आपोआप यायला किती वेळ लागतो, म्हणजे तेवढे दिवस ती काढायला तयार होती. तिने बापाचा शब्द धरला होता, नेहमीसारखा.

"अगं, मला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला..." मंदारने सुरुवात केली आणि थांबला. मग म्हणाला, नाही, नोकरी लागल्यावर. पुन्हा थांबला. त्याची नजर फळ्याकडे गेली, जिथे केतकीचं सूत्र तसंच होतं, मधल्या वजासकट. तो ते वाचत होता, असं मला वाटलं. मी इतकी वर्षं त्या खोलीत मुलांना असं बघताना पाहिलंय. कोणाचा आपल्याच आठवणीत शोध चालला असला की त्याला घाई करायची नसते.

"नाही आलं," तो म्हणाला.

मला वाटतं, हे त्याने पहिल्यांदाच कोणाला सांगितलं असावं. केतकीने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि काढून घेतला, इथली मुलं असं फार करत नाहीत. त्याने माझ्या टेबलावरचा माउस उचलून तिच्या बाजूला ठेवला. फोन खिशात गेला. केतकीने 'पायाभूत' निवडलं, संगणकाने तिला नक्की का असं विचारलं, तिने नक्की म्हटलं, आणि काम झालं.

जाताना ती दाराशी थांबून मला थँक यू काकू म्हणाली आणि पुढे गेली. मंदार मागे रेंगाळला. पिशवीत पाण्याची बाटली नीट बसवली, मग परत काढून पुन्हा बसवली.

"ताई, हा पायाभूत वर्ग संध्याकाळी असतो का?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, नाही, दुपारी असतो.

"दुपारी मला ऑफिसमधून निघता येणार नाही," तो म्हणाला. "नाहीतर मीही मागे येऊन बसलो असतो." मग बाहेर पडून हळूच दार लावलं.